बंद खाणीतले पाणी

वीजक्षेत्राच्या मराठीत अलीकडे एक शब्द वारंवार भेटतो. जुना संच आता बंद पडत नाही, तो ‘निवृत्त’ होतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे 210 मेगावॉटचे पहिले दोन संच असेच निवृत्त झाले. शब्द मोठा सभ्य आहे. मात्र निवृत्तीत कायम नोकरदाराला हार मिळतो आणि कंत्राटी कामगाराला नारळ, हा फरक तो झाकून टाकतो. त्याच्या जोडीला दुसरे वाक्य येते : ‘कोळशाची जागा सूर्य घेणार.’ या वाक्यातल्या ‘जागा’ या शब्दापाशी मी अडतो. हा शब्द नीट वाचायचा तर वीजखात्याच्या अहवालांपेक्षा कोळशावरच्या आपल्या कादंबऱ्या अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

इलियास अहमद गद्दी यांची ‘फायर एरिया’ ही उर्दू कादंबरी घ्या. 1996 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खेड्यातून झरियाच्या खाणपट्ट्यात आलेल्या सहदेवची ही कथा. खाणीचा जो भाग आग लागल्यामुळे भिंत घालून बंद करतात, तो फायर एरिया. शीर्षक इंग्रजी आहे, कारण खाणीतल्या माणसांच्या तोंडी तोच शब्द आहे. झरियाची आग 1916 पासून जळते आहे. बंद केलेली जागा विझलेली नसते, हे गद्दींनी शीर्षकातच सांगून ठेवले आहे.

हिंदीत संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ लिहिली, ती चासनाला दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर. 27 डिसेंबर 1975 रोजी चासनालाच्या खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. ते पाणी आले शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामातून. ज्या खाणीचा हिशेब कागदावर मिटला होता, तिने चालू खाण बुडवली. बंद म्हणजे संपले, हे गृहीत या दोन कादंबऱ्यांनी खोटे ठरवले आहे. मला त्यांचे मोल त्यांतल्या शोषणाच्या चित्रणाइतकेच या जाणिवेसाठीही वाटते.

दोघांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. खाण चालूच राहणार, हे दोन्ही कादंबऱ्या धरून चालतात. भांडण आहे ते तिच्यावर ताबा कोणाचा, याचे. खाणच उरली नाही तर माणसाचे काय होते, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. तो मराठीसमोर आला, पण गिरणीच्या निमित्ताने. जयंत पवारांचे ‘अधांतर’ 1982 च्या संपानंतर मोडत गेलेले गिरणगावातले एक घर दाखवते. यंत्र थांबल्याची खूण तिथे भोंग्यात ऐकू येत नाही, भावाभावांच्या बोलण्यात ऐकू येते. औष्णिक केंद्रांच्या वसाहतींचे ‘अधांतर’ कोणी लिहायला घेईल, तर त्याचे वाचन इथून सुरू व्हावे.

ही सामग्री कमी नाही. चंद्रपूरच्या केंद्राच्या वसाहतीचे नावच ऊर्जानगर आहे. केंद्र गेल्यावर त्या नावाचे काय होईल? कोराडीत जुने छोटे संच गेले आणि त्यांच्या शेजारी 660 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, तेही कोळशाचेच. जुलै 2022 मध्ये याच केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख शेतांत शिरली. संच निवृत्त होतो, राख होत नाही. चासनालाचे पाणी मला इथे आठवते.

कोळसा जायलाच हवा. चंद्रपूरच्या हवेत श्वास घेणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. आक्षेप आहे तो ‘जागा घेण्या’च्या सोप्या गणिताला. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा जीवाश्म इंधनाबाहेरचा झाला, ही खरी कमाई आहे. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. सौर पॅनेल रात्री थांबते. म्हणून 210 मेगावॉटच्या संचाइतकी वर्षाची वीज हवी असेल तर सुमारे तिप्पट क्षमतेची पॅनेल लागतात, आणि रात्रीसाठी साठवण वेगळी.

तिप्पट क्षमतेला जमीनही तशीच लागते. कर्नाटकातला पावगडचा सौर पार्क 2,050 मेगावॉटचा, सुमारे 13,000 एकरांचा. तिथे जमीन विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. भूसंपादनाच्या आपल्या इतिहासात ही बरी गोष्ट. पण भाडे सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचे नाव, त्याला. त्याच शेतात मजुरीला जाणाऱ्या भूमिहीनाला भाडे नाही. पॅनेल धुणे, गवत कापणे, राखण करणे, एवढीच कामे उरतात, आणि ती थोड्यांना मिळतात. शिवाय कोळसा धनबाद, कोरबा, चंद्रपूरला. मोठे सौर प्रकल्प राजस्थान, गुजरात, कर्नाटकात. एकाची जागा जाते तिथे दुसरा येतच नाही.

गद्दींच्या सहदेवला निदान एक पत्ता होता : खाण. तिच्या दारात हजारो माणसे एकत्र येत, म्हणून युनियन होती, भाषांची सरमिसळ होती, आणि त्यातूनच कादंबरी झाली. पावगडच्या तेरा हजार एकरांत माणसे विरळ, एकमेकांपासून दूर आणि बोलणे कमी. त्या विरळपणाला कोणता वाङ्मयप्रकार झेपेल, हे उर्दू, हिंदी, कन्नड, मराठी या सगळ्यांपुढचे काम आहे. कदाचित ती कादंबरी नसेलही. पण जे लिहिले जाईल, त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारीन : निवृत्त संचाच्या यादीत ज्यांची नावे नव्हती, ती माणसे यात आहेत का?