मस्टरवरचे कथाकार

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. पाकिटावर लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती लिहिली होती जयंत विष्णु नारळीकरांनी. तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. आपल्या नावाची आद्याक्षरं उलट्या क्रमाने घेऊन त्यांनी हे टोपणनाव जुळवलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला नारळीकरांनी कथेची प्रत लिहून दिली. आणि कथेची सुरुवात झाली होती अहमदाबादच्या एका परिसंवादात, कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना!

मराठी कथात्म साहित्याचा मोठा भाग असाच, कामाच्या वेळेतून सवड काढून लिहिला गेला आहे. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. व्यंकटेश माडगूळकरांचं आयुष्य पुणे आकाशवाणीत गेलं, व. पु. काळे मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते, श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'मध्ये. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. केवळ लेखनावर घर चालवलेले कथाकार आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. रत्नाकर मतकरींनी १९७८मध्ये बँकेतली नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करलं, तेही नाटकाचा भक्कम आधार असताना. मानधन आणि रॉयल्टी यांवर महिन्याचा किराणा भरत नाही, ही परिस्थिती आजही तशीच आहे.

या लेखनाला शिस्त लावली ती दिवाळी अंकांनी. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे या प्रथेने नोकरदार लेखकाला वर्षातून एक पक्की मुदत दिली. पावसाळ्यात संपादकाचं पत्र यायचं, आता फोन येतो. रविवार आणि शिल्लक रजा कथेला जातात. मराठीत कथा हा प्रकार इतका बहरला, त्यामागे हे वेळेचं गणितही आहे. सुट्ट्यांच्या तुकड्यांत कथा पुरी होऊ शकते. कादंबरीला सलग बैठक लागते.

विश्वास पाटलांनी मात्र हे गणित खोटं ठरवलं. प्रशासकीय सेवेत असतानाच त्यांची 'पानिपत' १९८८मध्ये आली. त्यानंतर आलेल्या 'झाडाझडती'त धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची परवड आहे. मोबदल्याची प्रकरणं, जमिनीच्या वाटपातली लबाडी, कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे शेतकरी हे सारं त्यात जिवंत उतरलं, कारण पुनर्वसनाचा कारभार लेखकाने आतून पाहिला होता. १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मागेही पत्रकाराची वही आहे. या पुस्तकांत नोकरीने लेखकाला पगाराबरोबर आशयही दिला.

पेंडशांची वाट याच्या उलट. दिवसभर मुंबईच्या बस आणि ट्रामच्या उपक्रमात काम करणाऱ्या या लेखकाने 'गारंबीचा बापू'त दापोलीचा परिसर उभा केला. जी. एं.च्या कथांत तर प्राध्यापकी शोधावी लागते. दोन्ही वाटांनी उत्तम लेखन झालं आहे, तेव्हा नोकरीवरच लिहा असा आग्रह कोणी धरू नये.

तरीही आजच्या कथेबद्दल एक तक्रार रास्त आहे. कथाकारांमध्ये शिक्षक, प्राध्यापक आणि पत्रकार पूर्वीपासून अधिक. त्यामुळे शाळा, गाव, वर्तमानपत्र यांचं जग मराठीत भरभरून आलं. हिंजवडीच्या आयटी कंपन्या, कॉल सेंटरची रात्रपाळी, खासगी रुग्णालयातला अतिदक्षता विभाग, ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरी पोचवणारी मुलं यांचं जग त्या मानाने फारच थोडं दिसतं. या कामांना दहा ते पाचची चौकट नाही. घरी आल्यावरही फोन वाजतो, आणि स्त्री असेल तर स्वयंपाकघर वाट पाहत असतं. जुन्या सरकारी नोकरीने लेखकाला दिलेली निवांत संध्याकाळ या पिढीच्या वाट्याला आलेली नाही. जगणं बदललं त्या वेगाने कथा बदलली नाही, याचं एक कारण इथे आहे.

हे अंतर आपोआप भरून निघणार नाही. दिवाळी अंकांचे संपादक दरवर्षी त्याच परिचित नावांना फोन करतात. त्यांनी परिचारिका, प्रोग्रॅमर, लोको पायलट, तलाठी यांच्याकडून कथा मागून घ्याव्यात, मुदत आधीच कळवावी आणि पहिल्या खर्ड्यावर त्यांच्यासोबत बसावं. मराठी विज्ञान परिषदेच्या त्या स्पर्धेने एका अनोळखी जगतापांची कथा तिच्या गुणांवर निवडली होती. कथा निवडताना आजच्या संपादकांनीही तेवढंच करावं.