सार आणि सारांश

पाकशास्त्राच्या पुस्तकांची समीक्षा सहसा कोणी करत नाही. समीक्षक जेवतात आणि झोपतात. म्हणून हे धाडस.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याची मापं देऊन त्यानं कित्येक नव्या सुनांची अब्रू राखली. हे ऋण मान्य! पण पाकपुस्तकांच्या एकंदर जातीबद्दलच माझी एक तक्रार आहे. त्यांच्यात बारा महिने एकच ऋतू असतो. ‘चार लालबुंद टोमॅटो घ्यावेत’ म्हणून लेखिका मोकळ्या. घ्यावेत, पण कुठून? जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तिशीच्या वर गेलं की टमाट्यात लाल रंग धरणं मंदावतं; ते पिवळट-केशरीच राहतं. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली ‘महिको’ इथंच निघाली. पण उन्हापुढं बियाण्याचंही फारसं चालत नाही. अशा टमाट्यांचं सार सुनेनं पुस्तकाबरहुकूम केलं की ते फिकं दिसतं, आणि सासूबाई बोलतात ते पुस्तकाला नव्हे, सुनेच्या माहेराला!

वाटीनं पीठ मोजता येतं, आंबटपणा नाही. तो जिभेनंच मोजायचा. कमी पडला तर चिंचेचा कोळ, जास्त झाला तर गुळाचा खडा. तेव्हा पाकपुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक कृतीखाली दोनच शब्द छापावेत : ‘चाखून बघा.’ नैवेद्याचा दिवस सोडून, अर्थात. आणि ते पान सासूबाईंना आधी वाचायला द्यावं.