‘हितसंबंध’ : एका कायदेशीर शब्दाची व्याप्ती आणि मर्यादा

१

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराची चिकित्सा आजवर प्रामुख्याने राज्यशास्त्राच्या आणि विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी केली आहे. भाषाभ्यासकाने ह्या क्षेत्रात पाऊल टाकावे की नाही, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि कायदा हा अखेर शब्दांचा बनलेला असतो, आणि शब्दांची पकड जेथे सुटते तेथे कायद्याचीही सुटते. सत्तेवर असलेल्या व्यक्तीचा खाजगी लाभ आणि तिचे सार्वजनिक कर्तव्य ह्यांत विरोध उत्पन्न झाला असता आपले कायदे एका विशिष्ट शब्दाचा आश्रय करतात. तो शब्द म्हणजे ‘हितसंबंध’. हा शब्द काय पकडतो आणि काय निसटू देतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील वेल्हे आणि मुळशी ह्या तालुक्यांच्या सीमेवर वसविल्या गेलेल्या लवासा ह्या नगराचे उदाहरण घेतले आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव पुढे राजगड असे करण्यात आले, येथे विवेचनाच्या काळास अनुसरून जुनेच नाव योजिले आहे.)

२

प्रथम शब्दाकडे वळू. ‘हित’ हे मूळ संस्कृत ‘धा’ धातूचे भूतकालवाचक विशेषण. ‘ठेवलेले’ ह्या अर्थापासून ‘योग्य’, ‘उपकारक’, ‘कल्याणकारक’ असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीत ‘हित’ हा शब्द नेहमीच आदराने उच्चारला जातो : लोकहित, हितोपदेश, हितचिंतक. परंतु ह्याच शब्दापुढे ‘संबंध’ येताच अर्थाला एकदम काळिमा लागतो. कोणाचे ‘हित’ आहे म्हटल्यास आपणांस आनंद होतो. कोणाचे ‘हितसंबंध’ आहेत म्हटल्यास आपण सावध होतो. समासाने अर्थाची अशी अवनती घडवून आणण्याची उदाहरणे भाषेत विरळा नाहीत.

ह्याहून अधिक लक्षणीय आहे ते त्याच्याबरोबर येणारे क्रियापद. मराठीत हितसंबंध ‘गुंतलेले’ असतात. ‘गुंतणे’ हे अकर्मक क्रियापद. ‘अमक्याने आपले हितसंबंध गुंतविले’ असे आपण क्वचितच म्हणतो. ‘अमक्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत’ असे म्हणतो. वाक्यात कर्तृपद हितसंबंधांकडे जाते आणि मनुष्य षष्ठी विभक्तीत मागे सरकतो. जणू काही सूत आपोआप गुंतले आणि माणूस मात्र शेजारी उभा होता.

लोकभाषेचे शब्द ह्याच्या अगदी उलट आहेत. ‘लागेबांधे’ आणि ‘साटेलोटे’ हे दोन शब्द घ्यावेत. साटेलोटे म्हणजे मूळ अर्थाने दोन घरांनी एकमेकांस मुली देऊन जोडलेली सोयरीक. त्यावरून परस्परांची सोय पाहण्याचा व्यवहार. ह्या शब्दांत किमान दोन माणसे आहेत, त्यांच्यांत देवघेव आहे आणि बहुधा नातेही आहे. ग्रामीण मनुष्याला सत्तेचा दुरुपयोग कसा होतो हे नात्यांच्या परिभाषेत कळते. कायद्याला मात्र तो कराराच्या परिभाषेतच ओळखता येतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ ह्या भेदात आहे.

३

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे चौदावे कलम सदस्याच्या अनर्हतेसंबंधी आहे. पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात अथवा तिच्या नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध असेल, त्यास सदस्य राहता येत नाही, असा त्यातील एका खंडाचा आशय आहे. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातील दहाव्या कलमातही बव्हंशी हीच शब्दयोजना आढळते. म्हणजे वेल्ह्याच्या ग्रामपंचायतीचा सदस्य आणि पानशेत-वरसगावचे पाणी पिणाऱ्या पुणे शहराचा नगरसेवक ह्या दोघांना एकाच सुताने बांधलेले आहे.

ह्या वाक्याची रचना पाहिली असता त्यात तीन स्थाने आढळतात : हितसंबंध कोणाचा, कशात आणि कोणाशी. पहिले स्थान षष्ठीने, दुसरे सप्तमीने आणि तिसरे ‘शी’ ह्या तृतीयेच्या प्रत्ययाने दाखविले जाते. न्यायालयांपुढे आलेले बहुतेक वाद पहिल्या स्थानाविषयीचे आहेत. ‘कोणाचा’ ह्या प्रश्नाच्या उत्तरात मुलगा, पत्नी, पती, सासरा ह्यांचा समावेश होतो काय?

गुलाम यासीन खान विरुद्ध साहेबराव वालसकर ह्या विदर्भातील प्रकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकात दिला. निवडून आलेल्या व्यक्तीचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता. केवळ रक्ताच्या नात्यामुळे हितसंबंध सिद्ध होत नाही, त्या नात्यातून येणारा आर्थिक लाभ दाखविला पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २०१२ साली गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने वेगळ्या परिस्थितीत वेगळा निष्कर्ष काढला. तेथे पंचायतीची कामे पतीने घेतली होती, आणि गोव्यात अद्याप लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून पत्नीचा अप्रत्यक्ष हितसंबंध मान्य झाला.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यात पुढे अतिक्रमणासंबंधीचा खंड घालण्यात आला, तेव्हा हाच प्रश्न व्याकरणाच्या वेषात पुन्हा उभा राहिला. शासकीय जमिनीवर ज्याने ‘अतिक्रमण केले आहे’ तो सदस्य राहू शकत नाही. येथे क्रियापद पूर्ण वर्तमानकाळाचे आहे. ते एकदा घडलेल्या कृतीचा निर्देश करते की अद्याप चालू असलेल्या स्थितीचा? २०१७ साली सागर धुंदरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिला अर्थ घेतला : मूळ अतिक्रमण करणारा तेवढाच अनर्ह. २०१८ साली जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दुसरा अर्थ स्वीकारला : अतिक्रमित जागेत राहून तिचा उपभोग घेणारे कुटुंबीयही त्यात येतात. एका क्रियापदाच्या काळाच्या अर्थावर खेड्यांतील अनेकांचे सदस्यत्व अवलंबून होते, ही गोष्ट व्याकरण हा निरुपद्रवी विषय आहे असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

ह्या निर्णयांचा क्रम पाहता कायदा हळूहळू लोकभाषेच्या बाजूला सरकतो आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ‘हितसंबंधा’च्या पहिल्या स्थानात आता घर आणि नातेही काही प्रमाणात सामावू लागले आहे. पंचायतीचे गटार बांधणाऱ्या ठेकेदाराशी भागीदारी असलेला किंवा गायरानात घर असलेला सदस्य ह्या जाळ्यातून सुटणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

४

आता ह्याच सुताने मोठ्या नगराचा कारभार मोजून पाहू. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने थंड हवेच्या ठिकाणांच्या विकासासाठी विशेष नियमावली केली. २००१ साली मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र तीखाली अधिसूचित झाले. वरसगाव धरणाच्या, म्हणजे मोसे नदीवरील वीर बाजी पासलकर जलाशयाच्या, काठावरील हा डोंगराळ प्रदेश. जलाशयालगतची काही जमीन महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने कंपनीस भाडेपट्ट्याने दिली. पुढे २००८ साली, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या चाळिसाव्या कलमान्वये, नगर बांधणाऱ्या लवासा कॉर्पोरेशन ह्या कंपनीचीच ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ म्हणून नेमणूक झाली.

ह्या नेमणुकीला ग्रामपंचायत कायद्यातील वाक्य लावून पाहावे. हितसंबंध कोणाचा? कंपनीचा. कशात? नगराच्या बांधकामात. कोणाशी? येथे वाक्य अडते. परवानगी मागणारी आणि परवानगी देणारी संस्था एकच असल्यामुळे ‘शी’ प्रत्ययाला जोडण्यासाठी दुसरे नामच उरत नाही. करार दोघांत होतो. ‘स्वतःशी करार’ ही रचना मराठीत केवळ आलंकारिक अर्थाने चालते. जे जाळे तालुक्यातील लहानशा ठेक्यासाठी इतके बारीक विणले गेले, त्यातून एक संपूर्ण नगर सहज बाहेर पडले. जाळे फाटले म्हणून हे घडले नाही. जाळ्याची रचनाच दोन वेगळ्या पक्षांची अपेक्षा धरून केलेली होती.

‘प्राधिकरण’ ह्या शब्दाचाही ह्यात हातभार आहे. ‘प्राधिकारी’ म्हटल्यास ‘कारी’ ह्या अंत्यपदामुळे करणारा दृष्टीसमोर येतो. ‘प्राधिकरण’ ह्या नपुंसकलिंगी नामात करणारा लोपतो आणि केवळ करणे उरते. त्यास शासकीय मराठीतील ‘मंजुरी देण्यात येत आहे’ ह्या लाडक्या रचनेची जोड मिळाली, की कर्ता वाक्यातून पूर्णपणे निघून जातो. मंजुरी कोणी दिली, असे विचारण्यास व्याकरणात जागाच राहत नाही. आपल्या लोकांनी अशा प्रसंगासाठी फार पूर्वीच ‘कुंपणच शेत खाते’ असे म्हणून ठेवले आहे. त्या वाक्यात कर्ता ठसठशीत आहे, हा त्याचा मोठाच गुण.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ सालच्या अहवालात ह्या प्रकल्पासंबंधीच्या शासकीय निर्णयांवर टीका केली. २०१७ साली शासनाने कंपनीकडील नियोजनाचे अधिकार काढून घेऊन ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लवासासंबंधीची जनहित याचिका निकालात काढली. महामंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष ह्या नात्याने तत्कालीन पाटबंधारे मंत्री अजित पवार ह्यांनी आपला प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंबंध प्रकट करण्यात कसूर केली, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. मात्र याचिका विलंबाने आल्याचे कारण देऊन हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ग्रामपंचायत सदस्याच्या बाबतीत ‘प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष’ हे शब्द सिद्ध होताच पद जाते. येथे तेच शब्द उच्चारले गेले आणि निरीक्षण होऊन राहिले. एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन परिणाम व्हावेत, हे अर्थविचाराच्या दृष्टीने चिंतनीय आणि लोकशाहीच्या दृष्टीने चिंताजनक आहे.

५

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेतला पाहिजे. सह्याद्रीच्या खोऱ्यातील लहान ग्रामपंचायतीला आधुनिक नगराचे नियोजन झेपणार नाही. ज्याच्याजवळ तज्ज्ञ आणि भांडवल आहे त्यालाच ते काम द्यावे, असे म्हटले जाते. राज्यघटनेच्या २४३ क्यू ह्या अनुच्छेदातही औद्योगिक नगरीस नगरपालिकेच्या बंधनातून वगळण्याची सोय आहेच. ह्या युक्तिवादातील पहिला भाग खरा आहे. परंतु ‘बांधण्याचे सामर्थ्य’ आणि ‘बांधू देण्याचा अधिकार’ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. अमेरिकेतील शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनविणाऱ्या पुलमन कंपनीने आपल्या कामगारांसाठी आदर्श म्हणून नावाजलेले गाव वसविले होते. घरे उत्तम होती, ह्याबद्दल फारसा वाद नव्हता. तरीही १८९८ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, संपूर्ण गावाची मालकी ठेवणे हे कंपनीच्या सनदेत बसत नाही, असा निर्णय दिला.

अधिकार आणि मालकी एक झाल्याने नेमके काय गमावले जाते, हे २०१८ नंतर दिसून आले. त्या वर्षी लवासा कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले होते. त्यामुळे ज्यांनी ह्या नगरात घरासाठी पैसे भरले, त्यांना तेथे काही म्हणावयाचे झाल्यास ते धनको म्हणूनच म्हणावे लागले. नगरपालिकेच्या हद्दीतील मनुष्य मतदार असतो. कारभार बिघडल्यास पाच वर्षांनी का होईना, तो कारभारी बदलू शकतो. धनकोला नगराचा कारभारी असा बदलता येत नाही. त्याचा आवाज त्याच्या बुडालेल्या रकमेपुरताच असतो. आणि ज्या १८ गावांच्या डोंगरांवर हे नगर उभे राहिले, तेथील मूळ रहिवाशांपाशी ग्रामपंचायतीचे मत होते. परंतु २००८ ते २०१७ ह्या काळात बांधकामासंबंधीचा निर्णय त्या मताच्या कक्षेबाहेर गेलेला होता. २०१७ चा बदल स्वागतार्ह असला, तरी महानगर प्रदेशाचे प्राधिकरणही थेट लोकांनी निवडून दिलेले नाही, हे विसरता येत नाही.

६

एतावता निघणारे निष्कर्ष असे. ‘हितसंबंध’ ह्या शब्दाची कायद्यातील व्याख्या करारावर आधारलेली असून ती दोन पक्षांचे अस्तित्व गृहीत धरते. ह्या व्याख्येत नाती सामावून घेण्याचे काम न्यायालयांनी थोडेबहुत केले आहे. परंतु अधिकार देणारा आणि घेणारा एकच असेल, तर ती व्याख्या निरुपयोगी ठरते. आणि सत्ता जितकी मोठी, तितका असा योग अधिक संभवतो. म्हणून व्याख्येचा आधार करारावरून निर्णयाच्या अधिकारावर हलविला पाहिजे : ज्या निर्णयाने ज्याचा लाभ व्हावयाचा, त्याला तो निर्णय घेता येऊ नये, मग करार असो वा नसो. त्याचबरोबर आदेशांच्या भाषेत कर्त्याचा उल्लेख आवश्यक करावा. ‘देण्यात येत आहे’ ऐवजी कोण देतो ते लिहावे. ही सूचना वरवर पाहता केवळ शैलीची वाटेल. परंतु जबाबदारी निश्चित करण्याची पहिली पायरी वाक्यातील कर्ता निश्चित करणे हीच आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे अभ्यासाचे एक क्षेत्र मोकळे पडले आहे. भोर नगरपरिषदेच्या आणि वेल्हे परिसरातील ग्रामसभांच्या इतिवृत्तांत कर्मणी व भावे प्रयोग कोणत्या प्रकारच्या ठरावांत अधिक आढळतात, सूचक आणि अनुमोदक ह्यांची नावे कोठे येतात व कोठे गळतात, ह्याची पद्धतशीर नोंद झाल्यास प्रस्तुत लेखातील अनुमाने तपासून पाहता येतील. ती तशी तपासली जावीत, हाच ह्या लेखनाचा हेतू आहे.