देवाणघेवाण की नुसती पाठवणी?
आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विनिमय आणि नागरिकत्वाचे शिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आला. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्याविषयीची आपली 1974 ची शिफारस 2023 मध्ये नव्याने मांडली. साहजिकच परदेशी शाळांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी, त्यातून नागरिकत्वाची आणि सर्वसमावेशकतेची मूल्ये रुजतील, असा विचार आपल्या शिक्षणसंस्थांतही मांडला जातो. विचार स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थी परदेशी जाऊन आला म्हणजे तो अधिक चांगला नागरिक झाला, हे गृहीत धरण्यापूर्वी त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. अशा उपक्रमाचे यश जाणाऱ्या विद्यार्थ्यावरून न मोजता मागे राहिलेल्या वर्गात काय बदलले यावरून मोजावे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

विनिमयाची पूर्वपीठिका

शालेय विनिमयाची आधुनिक परंपरा युद्धाच्या अनुभवातून निर्माण झाली. दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालविणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संघटनेने 1947 मध्ये दहा देशांतील 52 विद्यार्थ्यांना अमेरिकेत नेऊन शालेय विनिमयास प्रारंभ केला. फ्रान्स व जर्मनी हे 1870 ते 1945 या काळात तीन वेळा एकमेकांविरुद्ध लढलेले देश. त्यांनी 1963 च्या एलिझे करारानंतर त्याच वर्षी संयुक्त युवक कार्यालय स्थापन केले. त्याचा खर्च दोन्ही सरकारे सारखाच उचलतात आणि मुले दोन्ही दिशांनी जातात. कराराच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, 2003 मध्ये, बर्लिन येथे भरलेल्या युवक संसदेने दोन्ही देशांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे अशी मागणी केली आणि 2006 मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. जी मुले कधीच सीमेपलीकडे गेली नव्हती, त्यांच्याही बाकावर ते पुस्तक पोहोचू शकत होते. विनिमयाचे खरे फलित ते हेच.

केवळ भेट पुरेशी नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथात दाखवून दिले की, दोन गट नुसते एकत्र आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठण्यासाठी परस्पर सहकार्य हवे आणि या साऱ्याला संस्थेचा व कायद्याचा पाठिंबा हवा. या चार कसोट्या कोणत्याही विनिमय योजनेला लावून पाहता येतात.

मुस्लिम विद्यार्थ्यांशी थेट संबंध असलेले उदाहरण म्हणजे केनेडी-लुगर युवक विनिमय व अभ्यास योजना. 11 सप्टेंबर 2001 च्या घटनेनंतर, 2002 मध्ये अमेरिकन काँग्रेसने ती सुरू केली. ज्या देशांत मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय आहे, तेथील शालेय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन यजमान कुटुंबात ठेवणे व तेथील शाळेत शिकविणे, हे तिचे स्वरूप. भारतीय विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळाला. प्रवासखर्च आड न येता सामान्य घरातील मूल जाऊ शकते, हा तिचा मोठा गुण होय. मात्र विद्यार्थी तेथे आपल्या देशाचा व समाजाचा ‘दूत’ म्हणून जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने संपूर्ण समाजाच्या वतीने उत्तरे द्यावीत आणि यजमान विद्यार्थ्याला मात्र कोणीही अशी उत्तरे मागू नयेत, ही स्थिती समान दर्जाची म्हणता येत नाही. अमेरिकन मुलांना या देशांत पाठविण्याची जोड-योजना काही वर्षांनी आली, यावरून आरंभी ही देवाणघेवाण कमी आणि पाठवणी अधिक होती, असे म्हणावे लागते.

एक प्रश्न, तीन उत्तरे

‘दूत’ होण्याऐवजी विद्यार्थ्याने परदेशात काय पाहावे? एक उदाहरण घेऊ. फ्रान्सने 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यास मनाई केली. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथे हिजाबमुळे एका शाळकरी मुलीला 2003 मध्ये निलंबित करण्यात आले. केंद्रीय न्याय विभागाने तिची बाजू घेतली आणि 2004 मध्ये तडजोड होऊन तिला परवानगी मिळाली. कर्नाटक सरकारने 5 फेब्रुवारी 2022 रोजी गणवेशाचा आदेश काढला, उच्च न्यायालयाने 15 मार्च रोजी तो वैध ठरविला आणि 13 ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले.

तिन्ही देश लोकशाही आहेत, तिन्ही समतेचा दाखला देतात, तरी उत्तरे वेगळी. असे का, याचा शोध घेणे हेच नागरिकत्वाचे शिक्षण. खाद्यमहोत्सव आणि पारंपरिक पोशाखाची छायाचित्रे यांतून ते होत नाही. 2022 मध्ये आपल्या राज्यातील काही मुलींपुढे वर्ग की हिजाब असा पर्याय उभा राहिला. त्यांच्या दृष्टीने ‘सर्वसमावेशकता’ हा परिसंवादाचा विषय नव्हता, परीक्षेला बसता येईल की नाही एवढा तो जवळचा प्रश्न होता. परदेशातून परतलेली विद्यार्थिनी या प्रश्नावर वर्गात मोकळेपणाने बोलू शकत नसेल, तर चौथी कसोटी, म्हणजे संस्थेचा पाठिंबा, आपणच नापास झालो असे समजावे.

हुबळी-धारवाडच्या संदर्भात

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार 6 ते 14 वयोगटातील सुमारे 25 टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. या पार्श्वभूमीवर वर्षाकाठी एक-दोन विद्यार्थ्यांच्या परदेशवारीला समावेशन म्हणणे धाडसाचे ठरेल. आपल्या जुळ्या शहरांत कन्नड, उर्दू, मराठी, इंग्रजी बोलणारी मुले एकाच रस्त्याने जातात. पण माध्यम वेगळे म्हणून शाळा वेगळी, आणि शाळा वेगळी म्हणून ओळखही नाही. 15 ऑगस्ट 1994 रोजी इदगाह मैदानाच्या वादात झालेला गोळीबार या शहराने पाहिला आहे. येथे अपरिचयाची किंमत किती असते, हे प्राध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून पहिली देवाणघेवाण शहरातच व्हावी. विषय सर्वांचा असावा, उदाहरणार्थ पाणी. 2008 मध्ये हुबळी-धारवाडच्या काही निवडक प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला, तर इतर प्रभाग दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्याची वाट पाहत राहिले. उर्दू, कन्नड व मराठी माध्यमांच्या विद्यार्थ्यांनी मिश्र गट करून दोन प्रभागांची पाहणी करावी, नोंदी तिन्ही भाषांत लिहाव्यात आणि निष्कर्ष महापालिकेसमोर ठेवावेत. परदेशातील भागीदार शाळेनेही आपल्या शहरातील पाण्याची अशीच पाहणी करावी व अहवालांची अदलाबदल व्हावी. यात कोणी कोणाचा दूत नाही. दोन्हीकडचे विद्यार्थी आपापल्या शहराला प्रश्न विचारणारे नागरिक आहेत. पुढे काही जणांना प्रत्यक्ष जाण्याची संधी मिळाल्यास निवड केवळ इंग्रजी संभाषणावरून न करता या कामावरून करावी. घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्यांना अग्रक्रम द्यावा आणि जितके जातील तितक्यांचे आदरातिथ्य आपल्या घरांतून करावे.

समारोप

आंतरराष्ट्रीय विनिमय त्याज्य नाही; दर्जाची समानता, समान काम आणि परतल्यानंतरची जबाबदारी यांवाचून तो अपुरा आहे. आपल्या महाविद्यालयांनी परदेशी संस्थेशी करार करण्यापूर्वी शेजारच्या वेगळ्या माध्यमाच्या महाविद्यालयाशी असा एक वर्षाचा करार करून पाहावा. त्या वर्षाच्या नोंदी हीच परदेशी भागीदाराशी बोलताना आपली खरी ओळख ठरेल.