कौल आणि फासे

दिवाळीच्या सुटीत घरोघर पत्ते निघतात, कुठे सोंगट्यांचा पट मांडला जातो. आमच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत भाच्यांच्या कृपेने आणखी एक परका खेळ येऊन बसला आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चार-पाच गडी एकेका पात्राचे सोंग घेतात, कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा पुजारी. एक जण सूत्रधार होतो. भुयारे, राक्षस, खजिने सारे त्याच्या वहीत असते. गडी काय करणार ते बोलून सांगतात आणि जमले की फसले ते वीस पैलूंचा फासा सांगतो. असा हा बोलता बोलता रचला जाणारा कथाप्रकार आहे. तेव्हा एका कादंबरीकाराने त्याची समीक्षा केली, तर वाचकांनी नाक मुरडू नये.

मला त्यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटली ती भविष्य पाहण्याच्या मंत्रांची. कथेत भविष्य आणणे हा मोठा धोक्याचा व्यवहार आहे. पुढचे सगळे कळले तर रस संपतो आणि काहीच कळले नाही तर ज्योतिषी फुकट जातो. शिवाय येथे पंचाईत अशी की, फासा अजून पडायचा आहे. जे सूत्रधारालाच ठाऊक नाही, ते तो सांगणार कसे?

२०१४ सालच्या नियमपुस्तकाने ही गाठ कशी सोडवली आहे पाहा. ‘ऑगरी’ म्हणजे शकुनाचा मंत्र. हा शब्द प्राचीन रोममधल्या, पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्यांचा. आणि गंमत अशी की, आपल्या संस्कृतातही ‘शकुन’ म्हणजे पक्षीच. पुजारी खुणा केलेल्या काड्या किंवा हाडे टाकतो आणि पुढच्या अर्ध्या तासात आपण करणार असलेल्या एका कृत्याबद्दल विचारतो. उत्तरे चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा दोन्ही नाही. मध्येच नवा सोबती मिळाला, जुना गमावला, दुसरा मंत्र टाकला, तर त्याचा हिशेब या उत्तरात नसतो. आणि पुरती विश्रांती न घेता पुन्हा पुन्हा विचारले, तर दर जादा खेपेला शेकडा पंचवीस या हिशेबाने भलतेच उत्तर येण्याचा संभव वाढत जातो. तो फासा सूत्रधार गुपचूप टाकतो. उत्तर खरे की भलते, हे विचारणाऱ्याला कळत नाही.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला देवळाच्या गाभाऱ्याची आठवण व्हावी. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावतात. गुरव गाऱ्हाणे घालतो, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हाच कौल. तेथेही प्रश्न आटोपशीर हवा: हे स्थळ करावे की नाही, होडी पाण्यात घालावी की नाही. ‘माझे पुढे काय होईल?’ असला अघळपघळ प्रश्न पाकळीला झेपत नाही. आणि मनासारखे उत्तर मिळेपर्यंत देवाला छळू नये, हे तर आपल्याला आजीनेच सांगितलेले असते.

‘कौल’ हा शब्द मात्र देवळात जन्मला नाही. तो अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ बोल, दिलेला शब्द. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी रयतेला सवलतीचा कौल देत, तो याच अर्थाने. माझ्या मते या खेळातल्या भविष्याचे मर्म या एका शब्दात आहे. सूत्रधार ‘शुभ’ म्हणतो तेव्हा तो भविष्य वाचत नसतो, शब्द देत असतो. माझ्या वहीत आत्ता जे मांडले आहे ते असेच राहील, एवढाच त्याचा अर्थ. पुढे फासा वाकडा पडून गडी घायाळ झाला, तर शब्द मोडला असे होत नाही. पण ‘शुभ’ म्हणून झाल्यावर त्याने रंगत आणण्यासाठी दाराआड नवा राक्षस उभा केला, तर मोडला. आणि उत्तर खरे करण्यासाठी सारे फासे सांभाळून घेतले, तर खेळच मोडला. हल्लीच्या पुष्कळ सूत्रधारांचा तिसरा दोष म्हणजे कोड्यात बोलणे, म्हणजे पुढे काहीही झाले तरी ‘मी म्हटलेच होते’ म्हणायची सोय!

त्याच पुस्तकातली ‘पोर्टेंट’ नावाची विद्या मला अधिक आवडली. भविष्यवेत्ता मांत्रिक पूर्ण विश्रांतीनंतर दोन फासे आधीच टाकून ठेवतो. समजा, तीन आणि अठरा पडले. आता दिवसभरात कोणाच्याही फाशाऐवजी तो यातला आकडा वापरू शकतो. मात्र तो फासा पडण्यापूर्वी बोलले पाहिजे. एक अपयश आणि एक यश येणार हे त्याला कळले आहे. ते कोणाच्या पदरी घालायचे, हे त्याने ठरवायचे. तीनचा आकडाही वाया जात नाही. शत्रूची तलवार उगारली गेली की तो त्याच्या माथी मारता येतो. कळल्यामुळे निवड संपली नाही, उलट जड झाली. पुष्कळ कादंबऱ्यांतल्या ज्योतिषांना एवढेही साधलेले नाही.

या लेखाचा आधार घेऊन कोणी कुडमुड्या जोशाकडे धाव घेऊ नये. खेळात शकुन खरा ठरतो, कारण तेथे वही लिहिणारा समोर बसलेला असतो. तुमच्या-माझ्या संसाराची वही कोणा जोशाने पाहिलेली नाही.

जासईच्या माणसाला हे निराळे सांगायला नको. १९८४ च्या जानेवारीत नवी मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी येथे आणि नवघरला शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. नेते दि. बा. पाटील याच गावचे. त्या माणसांनी शुभ-अशुभ विचारून पाऊल टाकले नव्हते; जमिनीच्या बदल्यात कोणीतरी पाळण्याजोगा शब्द द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली, ती त्या लढ्यातून.

म्हणून सुटीत मुले हा खेळ मांडून बसली, तर त्यांना हटकू नका. वेळ मिळाला तर शेजारी बसून एवढेच पाहा, सूत्रधाराने दिलेला कौल पुढच्या अर्ध्या तासात पाळला की नाही. पाळला असेल, तर पोरगे खेळ शिकले असे खुशाल समजा. आणि पुढेमागे त्याने गोष्ट लिहिली, तर ती मी आवडीने वाचीन.