'टिकाऊ' चष्म्याची उलटतपासणी

चष्म्याच्या दुकानात 'टिकाऊ' हा शब्द हमखास कानी पडतो. काच फुटणार नाही, तिच्यावर ओरखडा उठणार नाही, लेप निघणार नाही, अशी तीन आश्वासने त्या एका शब्दात बांधून दिलेली असतात. नागपुरात सीताबर्डीवर चौकशी करा किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी, भाषा थोड्याफार फरकाने हीच. दुकानदार मुद्दाम फसवतो असे आम्हाला म्हणायचे नाही. आमचा आक्षेप शब्दावर आहे. ही आश्वासने पदार्थाच्या तीन निरनिराळ्या गुणधर्मांविषयी आहेत, आणि एकच पदार्थ तिन्ही पाळील अशी शक्यता फार थोडी.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांतील मुलांना 2009 मध्ये चष्मे देण्यात आले. डॉ. परीक्षित गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 ते 12 महिन्यांनंतर त्यांतील 1018 मुले पुन्हा तपासली. चष्मा डोळ्यांवर होता तो फक्त 300 जणांच्या. उरलेल्या 718 पैकी 125 जणांचा चष्मा मोडला होता, 67 जणांचा हरवला होता आणि 142 जणांना इतर मुले चिडवत होती. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. न घालणाऱ्या दर सहा मुलांमागे सुमारे एकाचा चष्मा मोडलेला असेल, तर टिकाऊपणा हा शिक्षणाचाच प्रश्न ठरतो. फळ्यावरचे न दिसणारे मूल बहुधा तक्रार करीत नाही, ते फक्त मागे पडते.

प्रथम काठिण्य आणि चिवटपणा यांतील फरक पाहू. ओरखड्याला विरोध करणे म्हणजे काठिण्य; आघात पचवून न फुटणे म्हणजे चिवटपणा. खरी काच कठीण असते पण ठिसूळ. पॉलिकार्बोनेट, म्हणजे दुकानातील 'पॉली', अत्यंत चिवट. हातोडीच्या घावालाही ते सहसा दाद देत नाही. पण ते मऊ आहे आणि कठीण लेपाशिवाय वापरताच येत नाही. दुकानात ज्याला 'फायबर' म्हणतात ते सी.आर.-39 नावाचे प्लॅस्टिक असते. त्यात धागा कोठेच नसतो. ते या दोहोंच्या मधले. घनतेचे आकडेही बोलके आहेत : काच सुमारे 2.5, फायबर 1.32, पॉली 1.20 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणून 'फुटत नाही आणि ओरखडाही पडत नाही' या वाक्याचा पहिला अर्धा भाग पदार्थाबद्दल असतो आणि दुसरा त्यावरील काही मायक्रॉन जाडीच्या लेपाबद्दल. लेप झिजला की वाक्य अर्धेच खरे उरते.

ओरखडे पाडणारा खरा शत्रू आपल्या धुळीत आहे. धुळीतील गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, काठिण्य मोहच्या श्रेणीत 7 आहे. काचेचे सुमारे साडेपाच. जी धूळ काचेला ओरबाडते तिच्यापुढे प्लॅस्टिकचा काय पाड! सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडा चष्मा पुसणे म्हणजे त्यावर बारीक पॉलिश कागद फिरवणे होय. आधी पाण्याची धार, मग साबणाचा एक थेंब, नंतर मऊ सुती कापड. या सवयीला खर्च नाही आणि कोणत्याही महागड्या लेपापेक्षा तिचा उपयोग अधिक.

दुसरा आक्षेप 'इंडेक्स'वर. दरपत्रकात 1.5, 1.6, 1.67, 1.74 असे आकडे चढत जातात आणि त्यांच्याबरोबर किंमतही. ग्राहकाचा समज होतो की आकडा मोठा तितका दर्जा चांगला. हा अपवर्तनांक आहे. तो भिंग किती पातळ होईल ते सांगतो, किती टिकेल ते नाही. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. अंतर्गोल भिंगाची कड मध्यापेक्षा जितकी जाड असते तो फरक अंदाजे असा मिळतो : त्रिज्येचा वर्ग गुणिले शक्ती, भागिले अपवर्तनांक वजा एकची दुप्पट. व्यास 50 मिलिमीटर आणि नंबर उणे 2 घेतला, तर फायबरसाठी फरक 1.25 मि.मी. येतो आणि 1.67 च्या भिंगासाठी 0.93 मि.मी. म्हणजे पातळपणाचा लाभ एक तृतीयांश मिलिमीटर! नंबर उणे 6 असेल तर लाभ सुमारे 1 मि.मी. होतो आणि तेथे जादा पैशांना अर्थ आहे. शिवाय 1.5 अपवर्तनांकाचे भिंग दर पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित करते, तर 1.67 चे 6 टक्क्यांहून अधिक. रंगांचे अपस्करणही त्यात जास्त होते.

परावर्तन कमी करणारा 'अँटिग्लेअर' लेप उपयोगी आहे, पण नागपूरकरांनी त्याची मर्यादा ओळखावी. हे ऑक्साइडांचे अतिशय पातळ, ठिसूळ थर असतात आणि खालचे प्लॅस्टिक तापल्यावर त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. ताण असह्य झाला की थराला जाळीदार तडे जातात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत चष्मा ठेवणे म्हणजे हा प्रयोग स्वतःच्या खर्चाने करणे.

दोन गोष्टींवर मात्र पैसे वाचवता येतात. पॉली स्वभावतःच जंबुपार किरण शोषते. त्यावर वेगळ्या 'यू.व्ही.' लेपाचा आकार देण्याचे कारण नाही. आणि 'ब्लू कट' : 17 यादृच्छिक चाचण्यांचा कॉक्रेन आढावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यासमोर काम केल्याने येणारा डोळ्यांचा शीण या भिंगांनी निदान अल्पकाळात कमी होतो असे त्यात आढळले नाही.

फ्रेमच्या बाबतीत बिजागरी पाहावी. एका हाताने चष्मा ओढून काढण्याची मुलांची सवय लक्षात घेता स्प्रिंगची बिजागरी आणि लवचीक नायलॉनची पूर्ण कडेची फ्रेम चांगली. बिनकडेच्या फ्रेमसाठी भिंगाला भोके पाडतात. ताण भोकाभोवती एकवटतो आणि फायबर तेथूनच तडकते. मुलांसाठी पॉली, पूर्ण कड आणि कठीण लेप हा मेळ आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खूप महाग अशा एका चष्म्यापेक्षा साधे दोन बरे, कारण मुलांचा नंबर बदलतो आणि तेव्हा भिंगे बदलावीच लागतात.

आता थोडे आपल्या व्यवस्थेबद्दल. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 चा. शाळांतील नेत्रतपासणी त्यात 1994 पासून आली. मोफत चष्मे वाटणे हे मोठे काम आहे, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण यशाचे माप वाटलेल्या चष्म्यांच्या संख्येने घेणे पुरेसे नाही. सहा महिन्यांनी किती नाकांवर आहेत, हे माप हवे. मोडलेली काडी बसवून देण्याची, सैल स्क्रू आवळण्याची सोय जवळपास नसेल तर फुकटचा चष्माही दप्तराच्या तळाशी जातो. पाठ्यपुस्तकही या बाबतीत अपुरे पडते. 2018 च्या दहावीच्या पुस्तकातील 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यात निकटदृष्टिता आणि भिंगाची शक्ती यांचे विवेचन आहे. पण किरणाकृतीतील ते भिंग कशाचे बनते, का ओरबडते, का तडकते, हा प्रश्न शिक्षकालाच विचारावा लागतो.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वर्गातील निकामी चष्मे गोळा करावेत, त्यांचे वजन करावे, बिंगाने ओरखडे पाहावेत, कोणता कोठे मोडला याची नोंद फळ्यावर मांडावी. तपासताना कोणाचा चष्मा हसण्यावारी जाणार नाही याची काळजी घ्यावी. चिडवणे हेही चष्मा न घालण्याचे एक कारण आहे. आणि पालकांना एवढे सांगावे, की पावतीवर 'टिकाऊ' नको. भिंगाचा पदार्थ, अपवर्तनांक, लेपाचे नाव आणि हमीची मुदत, ही चार उत्तरे लिहून मागा.