चिमणीने दार का उघडले नाही?

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी मुलांसाठी लोककथांचे लहानसे पुस्तक करण्याचे काम मजकडे सोपवले. कथा निवडायच्या, भाषा सोपी करायची आणि प्रत्येक कथेखाली एका ओळीत तात्पर्य द्यायचे, एवढेच ते काम. चिऊकाऊच्या गोष्टीखाली मी जराही न अडखळता लिहिले, 'आळसाचे फळ वाईट.' पुस्तक छापून आले. मोठ्या कौतुकाने मी ते सात वर्षांच्या नातीला वाचून दाखवले. तात्पर्याची ओळ वाचताच ती म्हणाली, "पण आजोबा, कावळ्यानं घर बांधलं होतं की!"

मी पान पुन्हा वाचले. मुलीचे म्हणणे बरोबर होते. कावळा उन्हाळाभर झोपून राहिला असे आजीने मला कधी सांगितले नव्हते, आणि मीही तसे लिहिले नव्हते. त्याचे घर शेणाचे होते, एवढेच काय ते कथेत आहे. आता शेणाचे म्हणजे आळशाचे, हे कोणी ठरवले? ज्या घरात मी ही गोष्ट ऐकली त्या घराची जमीन शेणाने सारवलेली होती आणि चुलीत गोवऱ्या जळत होत्या. पहाटे उठून ते सारे करणाऱ्या बाईला आळशी म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. आळस कथेत नव्हताच. तो मी आणला. खरे सांगायचे तर इसापाच्या मुंगीने आणि टोळाने तो माझ्या लेखणीत आणून ठेवला होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. कादंबरीचे परीक्षण लिहिताना आपण लेखकाचा हेतू काय, त्याचा दृष्टिकोन कोणता, हे विचारतो, कारण तेथे लेखक असतो. लोककथेत तो नाही. मग हेतू कोणाचा म्हणायचा? हेतू नाहीच असे म्हणून आपण मोकळे होतो आणि त्या मोकळ्या जागी आपल्या पदरचे तात्पर्य बसवतो. परंतु लेखक नसला तरी सांगणारी असते, ती कुठेतरी बसलेली असते आणि तिच्या मांडीवर कोणीतरी असते. मला वाटते, लोककथेचा आशय शोधायचा तर आधी ती जागा शोधावी.

चिऊकाऊची गोष्ट या दृष्टीने पाहा. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. येथवरची कथा चार वाक्यांत संपते. कथेचा सारा रस पुढच्या भागात आहे. चिमणी त्याला थांबायला सांगते, कारण बाळाला तेल लावायचे आहे. मग न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, अंगडे-टोपडे घालायचे आहे, काजळ-तीट लावायची आहे, भरवायचे आहे, निजवायचे आहे. ही यादी सांगणारीच्या उत्साहाप्रमाणे वाढत जाते. मोठेपणी आपल्याला हे चिमणीचे बहाणे वाटतात. पण बहाणा तो वाटतो दाराबाहेर भिजणाऱ्याला. घरात लेकरू असलेल्या बाईला विचारा, यातले एकही काम खोटे नाही.

आणि या कथेचा श्रोता कोण? ज्याला नुकतेच न्हाऊ घातले आहे, ज्याच्या डोळ्यांत काजळ आहे आणि ज्याला आता घास भरवले जात आहेत, तोच. गोष्टीतले बाळ म्हणजे ऐकणारे बाळच. ते दाराच्या आत आहे. त्याला कथेतून बोध मिळत नाही, एक खात्री मिळते : बाहेर कितीही पाऊस असो आणि कोणीही दार वाजवो, आधी माझे होईल, मग दार उघडेल. सांगणारीचा हेतू म्हणाल तर हा. (लेकराने घास गिळावा, हाही हेतू होताच, तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही.)

हीच यादी पुढे मला एका अनपेक्षित ठिकाणी भेटली. श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. घरात थेंबही न ठेवता साऱ्यांनी दूध आणावे, अशी आज्ञा होते. गावचे दूध पडते, गाभारा भरत नाही. मग कहाणी राजाला तेथेच सोडून एका म्हातारीच्या घरात शिरते. तिने मुलाबाळांना खाऊपिऊ घातले, वासरांना पाजले, घरचे सगळे आवरले आणि मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात गेली. तेवढ्याने गाभारा भरला. राजा पुढे पाळत ठेवतो, शेवटी स्वतः बसून तिला पकडतो, आणि अभय मिळाल्यावर म्हातारी त्याला कारण सांगते : तुझ्या आज्ञेने वासरे आणि मुले तळमळली, ते देवाला रुचले नाही.

पोथीत ही कहाणी आली ती व्रतासाठी. म्हातारीवर देव प्रसन्न झाला तसा वाचणाऱ्यांवर होवो, असे शेवटी म्हणून ती संपते. ते तिचे प्रयोजन आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. परंतु आशय प्रयोजनाहून निराळा आहे. येथेही दारावर एक मागणी आली आहे, ती कावळ्याची नसून राजाची आहे, आणि जिच्या नजरेने कहाणी पाहते ती बाई तीच यादी वाचते : आधी लेकरू, आधी वासरू. एवढे धीट वाक्य राजासमोर बोलायला तिला अभयवचन लागते, हेही सांगणारीला ठाऊक आहे. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने या कहाण्या १९१४ मध्ये इंग्रजीत 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने छापल्या. तेथे त्या बाळगोष्टी झाल्या. प्रयोजन पार बदलले, तरी म्हातारी जागची हलली नाही.

सांगणारीचे नाव आपल्याला क्वचितच कळते. ॲना लिबेराता डिसोझाचे कळले, कारण मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात वडिलांबरोबर होती आणि ॲना तिची आया होती. वाटेत वेळ जावा म्हणून मेरीने गोष्टी सांगायला लावल्या, टिपून घेतल्या आणि पुन्हा ॲनाला वाचून दाखवल्या. १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' निघाले. गव्हर्नरसाहेबांनी प्रस्तावना लिहिली. मेरीने ॲनाची जीवनकथाही पुस्तकात घातली, हे तिचे मोठेपण. ॲनाने या गोष्टी आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यांतली एक अशी : सूर्य, वारा आणि चंद्र जेवणाच्या आमंत्रणाला जातात. सूर्य आणि वारा खाऊन हात हलवीत परततात. चंद्र नखांखाली थोडे अन्न लपवून घरी आईसाठी आणतो. म्हणून आई त्या दोघांना शाप देते आणि चंद्राला शीतलतेचा वर. ऊन का भाजते आणि चांदणे का निववते, याचे उत्तर म्हणून ही कथा कोणी अभ्यासक नोंदवील. मला मात्र तीत मेजवानी दिसतच नाही. दिसते ती घरी राहिलेली आई, कारण कथा तिच्यापाशी बसूनच सांगितलेली आहे. दुसऱ्यांची मुले सांभाळून पोट भरणाऱ्या ॲनाला ही गोष्ट आठवावी, यात मला नवल वाटत नाही.

इतके झाल्यावरही एक बोच उरते. दाराच्या आतून सांगितलेल्या कथेला बाहेरचा दिसत नाही. चिमणी शेवटी दार उघडते. मग कुठे कावळा तापलेल्या तव्यावर बसून भाजतो, कुठे तो रात्री कुडुमकुडुम हरभरे खाऊन चोर ठरतो. काहीही झाले तरी आम्ही मुले हसत असू. घर वाहून गेलेल्या, भिजून आलेल्या पाहुण्याला हसत असू, कारण आम्ही कोरडे होतो. हा कथेचा दोष म्हणावा की मर्यादा, याविषयी माझे मन अजून ठरलेले नाही. नातीने नेमके त्या बाहेरच्याचे घर पाहिले. तिला कोणी मांडीवर घेऊन ही गोष्ट सांगितली नव्हती. पुस्तकातून वाचून दाखवली होती. कदाचित त्यामुळेच ती आत नव्हती.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तात्पर्याच्या सगळ्या ओळी काढायला सांगितल्या. प्रकाशक नाखूश होते, पालकांना त्या आवडतात म्हणाले; पण ओळी गेल्या. आता मी कावळ्याच्या बाजूने सांगितलेली ही गोष्ट शोधतो आहे. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात, जेथे जातो तेथे विचारतो. शेणाच्या घरापासून सुरू होणारी आणि पावसात दाराबाहेर उभी राहून सांगितलेली अशी कथा मला अद्याप मिळालेली नाही. कुणा वाचकाच्या आजीने ती सांगितली असेल तर, तात्पर्य न घालता, जशीच्या तशी लिहून पाठवावी.